कारळ्याचं तेल आणि चटणी: खानापूर रस्त्यावरचा लाकडी घाणा

बेळगावात कारळ्याची चटणी मिळत नाही असं किराणा दुकान शोधूनच काढावं लागेल. शेंगाचटणी, जवसाची चटणी आणि त्यांच्या शेजारी काळी कुळकुळीत कारळ्याची चटणी, अशा पिशव्यांच्या माळा गणपत गल्लीपासून शहापूरपर्यंत सगळीकडं लटकलेल्या दिसतात. माझा अनगोळात डब्यांचा व्यवसाय आहे. टिळकवाडीतल्या कॉलेजांची बाहेरगावची पोरं माझ्याकडं जेवतात आणि डब्यात चटणी रोज लागते, त्यामुळं यातल्या बऱ्याच पिशव्या माझ्या स्वयंपाकघरातून गेल्या आहेत. आता मात्र कारळे, कारळ्याचं तेल आणि घाईच्या वेळची तयार चटणी, तिन्ही मी खानापूर रस्त्यावरच्या एका लाकडी घाण्यावरून आणते. तिथं काय घ्यावं आणि काय घेऊ नये, ते इथं सविस्तर लिहिते.

मच्छे मागं पडलं की रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड दिसते. भिंतीवर एका बाजूला मराठीत ‘लाकडी घाणा’ आणि दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये ‘गाणद एण्णे’ असं रंगवलंय, एवढीच काय ती पाटी. बैलहोंगलकडची माणसं येतात ती गुरेळ्ळ मागतात, आम्ही कारळे म्हणतो, चंदगडकडून कुणी आलं तर खुरासणी म्हणतं, आणि सगळ्यांना एकाच पोत्यातलं बी मिळतं. शेंगा, करडई, तीळ, खोबरं असं सगळंच तिथं गाळतात, पण शेंगतेल आपल्याकडं शंभर ठिकाणी चांगलं मिळतं. मी जाते ती कारळ्यासाठी.

कारळ्याच्या बाबतीत पहिला प्रश्न विचारायचा तो एकच: यंदाचं आहे की जुनं? इतर दुकानांत हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस आपल्याकडं बघतच राहतो. या घाण्यावर पोत्यापोत्याला चिठ्ठी शिवलेली असते, तिच्यावर गावाचं नाव आणि माल कधी आला ते पेननं लिहिलेलं असतं. जांबोटी, नेरसे, शिरोली अशी गावं असतात. चिमूटभर बी हातावर घेऊन चावून बघू देतात, कुणी आडकाठी करत नाही. नवं कारळं दाताखाली फुटलं की आधी थोडं कडसर लागतं, मग अक्रोडासारखी चव येते. जुनं असलं की ती चव येतच नाही, उलट गिळल्यावर घशाला खवखव सुटते. याला कारण आहे. कारळ्याच्या तेलात निम्म्याहून जास्त भाग लिनोलिक आम्लाचा असतो आणि असलं तेल हवा, ऊन आणि उष्णता लागली की लवकर खवट होतं. अख्ख्या बियांत ते टरफलाच्या आत बऱ्यापैकी टिकतं, पण बी भाजून कुटलं की उलटी मोजणी सुरू होते. म्हणून कधी कुटली ते माहीत नसलेल्या चटणीच्या पिशवीपेक्षा यंदाचं अख्खं बी घरी आणून भाजणं केव्हाही चांगलं.

दुसरी गोष्ट निवडण्याची. घाण्याच्या मालकाची आई, सगळे त्यांना आज्जीच म्हणतात, दारातल्या उजेडात चाळण घेऊन बसलेल्या असतात. मी एकदा त्यांच्याजवळ टेकले तेव्हा त्यांनी चाळणीखालच्या कागदावर पडलेला चुरा बोटानं पसरून दाखवला. कारळ्याचं बी लांबट, तीन ते पाच मिलिमीटरचं, चकचकीत काळं, एका टोकाला निमुळतं. त्याच्यात मिसळलेले बारीक गोल मातकट दाणे कागदावर वेगळे दिसत होते. आज्जी म्हणाल्या, “बग पोरी, हे अमरवेलीचं बी. खाणाऱ्याला काय हुत न्हाई, पण हेच कुणी पेरायला न्हेलं तर अक्खं रान गुंडाळून टाकतंय.”

हे मला माहेरचं माहीत होतं, पण बियाणं घेणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असायला पाहिजे. अमरवेल म्हणजे ती पिवळी, पान नसलेली, दोऱ्यासारखी वेल. तिला स्वतःचं अन्न तयार करता येत नाही, ती कारळ्याच्या खोडाला विळखा घालून त्यातलाच रस पिते. तिचं बी कारळ्यात मिसळून एका शेतातून दुसऱ्या शेतात जातं. एक मिलिमीटर भोकांच्या चाळणीतून बी चाळलं की बहुतेक अमरवेल खाली पडते. पेरणीसाठी घेत असाल तर त्यापुढं आणखी एक करायचं: दहा लिटर पाण्यात किलोभर मीठ विरघळवायचं, त्यात बी ओतायचं, हलकं बी नि कचरा वर येईल तो काढून टाकायचा, मग चांगलं बी साध्या पाण्यानं धुऊन सावलीत सुकवायचं. घाण्यावर पेरणीचं म्हणून वेगळं बी विकत नाहीत आणि तसा दावाही करत नाहीत, ही गोष्ट मला फार आवडली. कुणी मागितलंच तर कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात जा, धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा डीएनएस-४ वाण विचारा, असं मालक स्वतःच सांगतात. महाराष्ट्राच्या बाजूच्या लोकांसाठी राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं इगतपुरीचं केंद्र आहे, तिथं कारळ्यावरच काम चालतं.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, जांबोटीच्या बाजूचं. आमच्याकडं कारळ्याला स्वतःचं शेत कधीच मिळालं नाही. नाचणीच्या ओळींत मध्ये एखादी ओळ, नाहीतर उताराच्या तांबड्या मुरमाड तुकड्यावर, जिथं दुसरं काही धड येत नाही तिथं, किंवा मग बांधाच्या कडेनं कुंपणासारखं. कुंपणासारखं यासाठी की गुरं कारळ्याला तोंड लावत नाहीत. पानांना, खोडाला उग्र वास असतो, बारीक लव असते. म्हशी रस्त्यानं जाता जाता नाचणीत घुसायच्या, पण कडेला कारळं उभं असलं की हुंगून पुढं व्हायच्या. बी इतकं बारीक, की एकरी दोन किलो पुरतं. आई ते बारीक वाळूत किंवा चाळलेल्या शेणखतात कालवून पेरायची, नाहीतर मुठीतून सगळं एकाच जागी पडतं. जुलैत, फार तर ऑगस्टच्या सुरुवातीला पेरायचं, आणि दिवस लहान व्हायला लागले की फुलोरा येतो. दसऱ्याच्या सुमारास तो उतार पिवळाधमक असायचा आणि मधमाश्यांचा आवाज घरापर्यंत यायचा. त्या माश्या आल्या नाहीत तर दाणा भरत नाही, कारण कारळ्याच्या झाडाला स्वतःचे परागकण चालत नाहीत, दुसऱ्या झाडाचे लागतात. शेजारच्या भाजीच्या वाफ्यावर फुलोऱ्याच्या दिवसांत फवारणी करायची नाही, हा आमच्या घरचा नियम होता. पेरल्यापासून साधारण शंभर दिवसांत बोंडं तपकिरी काळी पडली की कापायचं, खळ्यावर वाळवायचं आणि काठीनं झोडपायचं.

आणि एवढं करून हातात येतं किती? कोरडवाहूत एकरी सव्वा ते दीड क्विंटल. आमच्यासारख्या बांधावरच्या पेऱ्यातून तर आठ-दहा किलो. हे आठ-दहा किलो विकायचं कुठं, हाच खरा प्रश्न असतो. मोठ्या बाजारात पोत्यानं माल घेऊन येणाऱ्याचं ऐकतात. पिशवीभर कारळं घेऊन गेलेल्या बाईला पडेल तो भाव सांगतात, आणि पुढच्या वर्षी ती बाई पेरत नाही. आता माहेरी काजू आहे, ऊस आहे, बांधावरचं कारळं गेलं. या घाण्यावर पाच किलोसुद्धा काट्यावर तोलून घेतात, भाव फळ्यावर खडूनं लिहिलेला असतो आणि पैसे त्याच वेळी हातात पडतात. मी समोर उभी असताना एक म्हातारे आजोबा गोणपाटात बांधून सात-आठ किलो घेऊन आले होते. त्यांचं कारळं चाळून, कचरा वेगळा करून त्यांनाच दाखवला, मग तोललं. हे बघितलं की चार पैसे जास्त द्यायला माझी ना नसते. खानापूरच्या उतारांवर कारळं टिकायचं असेल तर असे खरेदीदार पाहिजेत, दुसरं काही नाही.

आता तेल. घाणा मोटारीवर फिरतो, बैल नाही, पण उखळ आणि लाट दोन्ही लाकडाची आहेत आणि फिरतो अगदी सावकाश. हात लावून बघितलं तर बाहेर पडणारं तेल कोमट असतं, गरम नाही. स्वतःचं बी नेलं तर किलोवर मजुरी घेऊन समोर गाळून देतात आणि पेंडही तुमचीच. मी दहा किलो दिले तर तीन किलोच्या थोडं वर तेल येतं. कारळ्यात तेल असतं पस्तीस ते चाळीस टक्के, त्यातलं काही पेंडीत राहतंच, त्यामुळं हा उतारा प्रामाणिक आहे.

भावाबद्दल लोक कुरकुर करतात म्हणून हिशोबच मांडते. केंद्र सरकारनं २०२५-२६ च्या खरिपासाठी कारळ्याचा हमीभाव क्विंटलला ९५३७ रुपये ठरवला. त्याच्या आदल्या वर्षी तो ८७१७ होता. म्हणजे किलोला पंचाण्णव रुपये धरा. एक किलो तेलाला तीन किलोच्या वर बी लागतं, तेव्हा नुसत्या बियांचेच तीनशे रुपये झाले. वर मजुरी, वीज, बाटली, निवडण्यातली घट. या घाण्यावर लिटरला साडेचारशेच्या घरात पैसे पडतात आणि ते मला रास्त वाटतात. बाजारात कुणी ‘शुद्ध कारळ्याचं तेल’ दोनशे रुपयांना देत असेल तर त्यात कारळं किती आणि दुसरं काय, ते त्यालाच विचारा.

चवीला हे तेल शेंगतेलापेक्षा हलकं, रंगानं फिकट पिवळं, वासाला किंचित भाजल्यासारखं. मी तळणीला वापरत नाही, तेवढं महाग तेल कढईत जाळायचं कशाला? भरल्या वांग्यांची फोडणी, दोडक्याची भाजी, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे कच्चंच वरून. ताटात चटणीत खळगा करायचा, त्यात चमचाभर हे तेल, आणि जोंधळ्याची कडक भाकरी. भोगीच्या लेकुरवाळ्या भाजीला मी याच तेलाची फोडणी घालते आणि वरून तिळाबरोबर कारळ्याचं कूट टाकते. माझी एक शेजारीण जैन आहे, कांदा-लसूण खात नाही, तिच्या भाजीला या कुटानं जो दाटपणा येतो तो वाटणाशिवाय दुसऱ्या कशानं येत नाही.

तेलाबाबत माझी एक तक्रार आहे आणि ती मी मालकांना तोंडावर सांगितली आहे. विक्रीच्या बाटल्या पांढऱ्या पारदर्शक प्लास्टिकच्या असतात आणि दर्शनी फळीवर ठेवतात. सकाळी त्या फळीवर थेट ऊन येतं. ज्या तेलाला उजेड सोसत नाही ते उन्हात ठेवायचं म्हणजे आज्जींनी चाळणीवर घालवलेला सगळा वेळ वाया. “काकी, बाटली दिसली न्हाई तर गिऱ्हाईक थांबत न्हाई ओ,” असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. तुम्ही फळीवरची बाटली घेऊ नका. आतल्या खोलीत स्टीलच्या पिंपात तेल असतं, आपलं स्टीलचं किंवा काचेचं भांडं घेऊन जा आणि त्यातलं भरून मागा, आनंदानं देतात. घरी आणून दोन दिवस न हलवता ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं स्वच्छ तेल दुसऱ्या बरणीत काढून अंधाऱ्या कपाटात ठेवायचं. लागेल तेवढंच आणायचं, वर्षाचं भरून ठेवायचं हे तेल नव्हे.

तयार चटणी दोन प्रकारची मिळते: लसणाची आणि बिनलसणाची. दोन्हींत शेंगदाण्याची भर नाही, हे मी खात्रीनं सांगते, कारण भर घातलेली चटणी चिमटीत दाबली की बोटाला पिठूळ लागते आणि रंगही करडा दिसतो. ही काळी, तेलकट, मोकळी असते. मिरची दोन जातींची आहे, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला आपल्याच जिल्ह्यातली संकेश्वरी. लसणाची चटणी मला चढी वाटते. लसूण इतका जास्त, की कारळं मागं पडतं, आणि मीठही सढळ हातानं घातलेलं. बिनलसणाची मात्र फार सुरेख: चिंच, जिऱ्याचा वास, गुळाचा अगदी ओझरता गोडवा, आणि मग कारळ्याची ती खमंग चव जिभेवर रेंगाळते. घ्यायची तर तीच घ्या. लसूण पाहिजे असेल तर घरी चार पाकळ्या ठेचून तेवढ्यापुरत्या मिसळा. दोन्ही चटण्या मिक्सरवर फार बारीक केलेल्या असतात, हेही मला खटकतं. कारळ्याची चटणी दाताखाली किंचित रवाळ लागली पाहिजे. शिवाय पिशवीवर तारीख नसते. पोत्यावर चिठ्ठी शिवणाऱ्या माणसानं पिशवीवरही तारीख घालावी, एवढं मागणं काही जास्त नाही. तोवर “कधी कुटली?” असं विचारूनच घ्या, खोटं सांगत नाहीत.

माझ्या डब्यांना मी घरीच करते, तेव्हा भाजण्याबद्दल थोडं. कारळं मुळातच काळं, त्यामुळं तीळ किंवा शेंगदाण्यासारखं रंग बघून भाजता येत नाही. कानानं भाजायचं. लोखंडी तवा, मंद आच, एका वेळी तव्यावर पातळ थर बसेल एवढंच बी, आणि उलथनं सतत फिरतं. आधी नुसता सळसळ आवाज येतो, मग एखाद-दुसरा दाणा तडकतो, मग एकदम सगळीकडून तडतड सुरू होते आणि खमंग वास उठतो. तडतड विरळ व्हायच्या आधी उतरवायचं आणि लगेच ताटात पसरायचं, तापल्या तव्यावर ठेवलं तर खालचे दाणे करपून कडू होतात. पूर्ण गार झाल्यावर आधी मिरची, मीठ, जिरं, चिंच बारीक करायची, मग कारळं टाकून खलबत्त्यात कुटायचं. मिक्सरच वापरायचा असेल तर थांबत थांबत, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. या घाण्याच्या कारळ्यात खडा, माती लागत नाही, त्यामुळं मला पाखडत बसावं लागत नाही, आणि रोज सकाळी डबे भरणाऱ्या बाईला त्याची किंमत कळते.

पेंड म्हशीवाले रांग लावून नेतात, दुपारनंतर उरत नाही. कारळ्याच्या पेंडीत प्रथिनं भरपूर असतात. गुरं जे झाड हुंगून सोडून देतात त्याचीच पेंड आवडीनं खातात.

एक गोष्ट मला मालकांकडूनच कळली आणि नंतर मी वाचूनही बघितली. भारतातलं कारळं परदेशात पाखरांना घालायला जातं. अमेरिकेत लोक अंगणात बारीक भोकांच्या नळ्या टांगतात, त्यात हे बी भरतात आणि पिवळ्या गोल्डफिंच पाखरांचे थवे त्यावर येतात. तिकडं जाणारं बी आधी कडक तापवावं लागतं, म्हणजे त्यातली अमरवेल उगवू नये. इथिओपियाच्या डोंगराळ भागातलं हे मूळ पीक. आपल्याकडं फार पूर्वी आलं, नाचणीच्या ओळीत रुजलं आणि आता आपल्याच बांधावरून समुद्रापार पाखरांकडं निघालंय. पाखरांना जरूर मिळावं. पण जांबोटीच्या उतारावर पिकलेलं कारळं बेळगावच्या ताटात आधी यावं असं मला मनापासून वाटतं, आणि ते या घाण्यामुळं येतंय.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा. दुपारी एक ते चार बंद असतं. अमावस्येला घाणा फिरत नाही, पण विक्री चालू असते. फोनवरून पैसे घेतात. स्वतःचं बी गाळायला न्यायचं असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, कारण आधीच्या तेलाचा अंश राहू नये म्हणून कारळ्याच्या पाळीआधी घाणा पुसून घेतात आणि त्याला वेळ लागतो. नवं कारळं दिवाळीनंतर यायला लागतं आणि संक्रांतीपर्यंत भरपूर असतं. होळीनंतर गेलात तर चिठ्ठी वाचूनच घ्या, आणि पावसाळ्यात फक्त अख्खं बी घ्या, तेल किंवा चटणी नको.